चाकांवरचे घर

बँकेतील छत्तीस वर्षांच्या नोकरीत गृहकर्जाची किती प्रकरणे माझ्या नजरेखालून गेली, याची मोजदाद मी कधी ठेवली नाही. क्षेत्रफळ, बांधकामाचे वय, बाजारमूल्य, तारणमूल्य आणि मालकीहक्क एवढ्या पाच रकान्यांत कोणतेही घर मावते, अशी माझी दीर्घकाळ समजूत होती. गेल्या ऑक्टोबर महिन्यात मात्र पंचवीस फूट लांब आणि जेमतेम आठ फूट रुंद अशा एका घरात आम्ही पाच माणसे सहा रात्री राहिलो. त्या घराला चाके होती, आणि ते माझ्या कोणत्याही रकान्यात बसत नव्हते. त्या प्रवासाची हकीकत या वेळी सांगावयाची आहे.

आमची लेक आणि जावई गेली चौदा वर्षे अमेरिकेत बोस्टन शहराजवळ राहतात. नात नऊ वर्षांची आहे. जुलैमध्ये आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो. पानगळीचे दिवस जवळ आले तेव्हा जावयांनी भाड्याची कॅम्पर गाडी घेऊन न्यू हॅम्पशायर राज्यातील व्हाइट माउंटन्स या डोंगररांगांत फिरण्याचा बेत आखला. बेत त्यांचा असला तरी त्यामागे लेकीचे एक कारण होते. ती आता तेथील नागरिक आहे. आई-वडिलांच्या कायम वास्तव्यासाठी तिला अर्ज करता येतो. कागदपत्रांची फाइल तिने तयार ठेवली होती, आमचा होकार तेवढा बाकी होता. होकार दिला की वर्षाचा बहुतेक काळ तिकडेच काढावयाचा, म्हणजे सांगलीचे घर विकावयाचे किंवा कुलूप लावून ठेवावयाचे. ‘प्रवासात हा विषय नको,’ असे लेकीने स्वतःच सांगितले होते. परंतु जो विषय काढायचा नाही असे ठरते, तोच सर्वांच्या आधी गाडीत जागा धरून बसतो.

प्रथम गाडीविषयी. कॅम्पर म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली खोली. चालकाच्या डोक्यावर एक बिछाना, मागे एक बिछाना, आणि मधले जेवणाचे टेबल खाली पाडले की तिसरा. लहानशी शेगडी, लहानसा फ्रिज, न्हाणीघर आणि शौचालय मिळून एका कपाटाएवढी जागा. पोटात तीन टाक्या : एक स्वच्छ पाण्याची, दुसरी धुण्या-आंघोळीच्या सांडपाण्याची, तिसरी मैल्याची. स्वयंपाकाला आणि आतील हवा उबदार ठेवण्यासाठी गॅस, दिव्यांसाठी बॅटरी. इंधनाचा खर्च असा की लिटरला चार किलोमीटर पडले तरी जावई समाधान मानीत.

निघण्यापूर्वी त्यांनी गाडीची उंची एका कागदावर ठळक लिहून समोरच्या काचेजवळ चिकटवली. बोस्टनमध्ये चार्ल्स नदीच्या काठाने जाणाऱ्या स्टॉरो ड्राइव्ह या रस्त्यावरील पूल इतके बुटके आहेत की दर वर्षी कोणाच्या ना कोणाच्या भाड्याच्या ट्रकचे छप्पर तेथे सोलून निघते. तिकडच्या बोलीत त्या रस्त्याच्या नावाचेच क्रियापद झाले आहे. ‘आपली उंची लक्षात ठेवून चालावे, हा धडा निवृत्त माणसालाही उपयोगी आहे,’ असे मी म्हणालो. कोणी हसले नाही. सर्वांचे लक्ष पुलांकडे होते.

बोस्टनहून उत्तरेला सुमारे दोनशे किलोमीटर गेल्यावर महामार्ग फ्रँकोनिया नॉचमध्ये शिरतो. नॉच म्हणजे खिंड. दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटचे उभे कडे आणि त्यांच्या पायथ्याशी पिवळ्या, नारिंगी, लाल रंगांचे रान. मी आजवर पानगळ पाहिली होती ती उन्हाळ्याच्या तोंडावरची, धुळकट, करड्या रंगाची. येथे झाडे जणू सणाला निघाली होती. पाने लाल होतात हे मला छायाचित्रांवरून ठाऊक होते. पण संपूर्ण डोंगर लाल होतो आणि त्याच्यावरून ढगाची सावली सरकली की तो क्षणभर विझून पुन्हा पेटतो, हे छायाचित्रांत नव्हते.

या खिंडीत एक म्हातारा राहत असे. कॅनन माउंटनच्या कड्यावर, खालच्या तळ्यापासून सुमारे १,२०० फूट उंचीवर, ग्रॅनाइटच्या थरांनी मिळून माणसाच्या चेहऱ्याची बाजूने दिसणारी आकृती तयार झाली होती; कपाळापासून हनुवटीपर्यंत सुमारे ४० फूट. न्यू हॅम्पशायर राज्याचे ते मानचिन्ह. भेगांत पाणी शिरून गोठे आणि फट रुंदावे, म्हणून लोखंडी सळया आणि सिमेंट यांनी त्याला बांधून ठेवण्यात आले होते. ती देखभाल एका कुटुंबात पित्याकडून पुत्राकडे आली. तरीही ३ मे २००३ च्या पहाटे पाहतात तो चेहरा कोसळलेला. आता तळ्याकाठी पोलादी दांडे उभे केले आहेत. जमिनीवर आपल्या उंचीनुसार आखलेल्या खुणेवर उभे राहून दांड्याच्या टोकाकडे पाहिले की टोकावरील नक्षी कड्याला जुळते आणि हरवलेला चेहरा पुन्हा दिसतो. नातीने तिची खूण शोधली, मी माझी. राज्याच्या सन्मानार्थ २००० साली काढलेल्या पाव डॉलरच्या नाण्यावर हाच चेहरा आहे. जावयांनी ते नाणे जपून आणले होते. सौ.ने ते तळहातावर घेऊन निरखले. ‘नाण्यावरचा टिकला, डोंगरावरचा गेला,’ एवढेच ती म्हणाली. आयुष्यभर नाणी मोजलेल्या मला त्यावर उत्तर सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी याच खिंडीतील फ्लूम नावाची घळ पाहिली. लांबी सुमारे ८०० फूट, दोन्ही बाजूंना ७० ते ९० फूट उंच खडकाच्या भिंती, मधून ओढा आणि ओढ्याला खेटून लाकडी फळ्यांची वाट. १८०८ मध्ये मासे पकडण्यासाठी निघालेल्या ९३ वर्षांच्या एका आजीबाईंना ही घळ प्रथम सापडली आणि घरच्यांना ते पटवून देताना त्यांना बरेच श्रम पडले, असे सांगतात. ‘त्र्याण्णव!’ सौ. माझ्या गुडघ्यांकडे पाहत म्हणाली.

कॅम्परच्या तळावरील संध्याकाळ लवकर सुरू होते. सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि डोंगराआड तर त्याच्याही आधी. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्याची आमची घरची रीत येथे आपोआप सोयीची ठरली, कारण अंधार पडताच थंडी बोचू लागे. मुगाची खिचडी, मेतकूट-भात, पहिल्या दोन दिवशी घरून आणलेल्या दशम्या, सकाळी नातीच्या आग्रहाखातर मेपलच्या पाकातील घावन. वसंताच्या तोंडावर मेपलच्या खोडातून टिपलेला सुमारे चाळीस लिटर रस आटवावा तेव्हा एक लिटर पाक होतो, हे कळल्यावर मी तो चमच्याने मोजून वाढू लागलो. रात्री दहानंतर तळावर शांतता पाळावयाची. खाण्याची एकही वस्तू बाहेर ठेवावयाची नाही, कारण अस्वले येतात. शेकोटीची लाकडे दुसऱ्या राज्यातून आणावयाची नाहीत, कारण सालीत दडलेली कीड एका रानातून दुसऱ्या रानात जाते. नियम काटेकोर, आणि पाळणारेही काटेकोर.

चूक आमच्याकडूनच झाली. त्या तळावर गाडीला जोडण्यासाठी वीज नव्हती, पाणी नव्हते, सांडपाण्याची नळीही नव्हती; जे पोटात आहे त्यावरच भागवावयाचे होते. सौ.ने घरच्या सवयीने वाहत्या नळाखाली भांडी घासली, मीही आंघोळीत हात आखडला नव्हता. दुसऱ्या रात्री नऊच्या सुमारास न्हाणीघराच्या जाळीतून गढूळ पाणी वर येऊ लागले. सांडपाण्याची टाकी भरली की पाणी सर्वांत खालच्या तोंडातून परत येते. ‘काही नाही आई, सकाळी उपसा करण्याच्या जागी नेऊन रिकामी करू. तोवर नळ उघडायचा नाही,’ जावई म्हणाले. गोष्ट तेवढीच होती. परंतु सौ. त्या जाळीकडे पाहत उभीच राहिली.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी आमच्या घरात दारातून आले नव्हते. ते आधी असेच मोरीच्या जाळीतून आले होते. रात्रीत तळमजला भरला. आम्ही वरच्या मजल्यावर तीन दिवस काढले. वीज नाही, मोबाइल बंद. चौथ्या दिवशी तरुण मुलांनी नावेतून बाहेर काढले, तेव्हा कुठे बोस्टनला फोन लागला. ‘आम्ही सुखरूप आहोत, काळजी नसावी,’ एवढे सांगून मी ते प्रकरण बंद केले होते.

त्या रात्री कॅम्परमध्ये दिवा मालवल्यावर लेकीचा आवाज आला. ‘बाबा, ते तीन दिवस मी कसे काढले, हे तुम्ही कधी विचारलंच नाही.’

खरोखरच विचारले नव्हते. आठ फूट रुंदीच्या घरात कोणी कुशीवर वळले तरी सर्वांना कळते. कोणीही वळले नाही.

तिसऱ्या दिवशी टाकी रिकामी करून आम्ही क्रॉफर्ड नॉच या दुसऱ्या खिंडीत उतरलो. ही खिंड अधिक अरुंद आणि अधिक रानटी आहे. हिमनदीने कोरलेली, तळाशी गोलाकार, दोन्ही बाजूंनी उभी. खिंडीच्या मध्यावर रस्त्यालगत विली कुटुंबाच्या घराची जागा आहे. सॅम्युएल विली, त्यांची पत्नी आणि पाच मुले १८२५ मध्ये येथे राहावयास आली. खिंडीतून जाणाऱ्या वाटसरूंना ते आसरा देत. पुढच्या वर्षीचा उन्हाळा कोरडा गेला आणि २८ ऑगस्ट १८२६ च्या रात्री प्रचंड पाऊस कोसळला. घरामागचा डोंगर सुटला. दरड येत आहे हे ओळखून ते सात जण आणि त्यांचे दोन गडी असे नऊ जण घर सोडून बाहेर धावले आणि दरडीत सापडले. तीन मुलांचे देह कधीच मिळाले नाहीत. घराच्या मागे खडकाचा एक उंचवटा होता. त्यावर आदळून दरड दुभंगली आणि दोन्ही बाजूंनी निघून गेली. घराला धक्काही लागला नाही. पुढे नॅथॅनियल हॉथॉर्न या लेखकाने या घटनेवर कथा लिहिली आणि लोक ती जागा पाहावयास येऊ लागले.

लेकीने फलक वाचला आणि ती मुलीचा हात धरून ओढ्याकडे निघून गेली. मी तेथेच उभा राहिलो. माझ्या मनात वादी आणि प्रतिवादी एकाच वेळी बोलू लागले. ते घरात थांबले असते तर वाचले असते, हे एकाचे म्हणणे. पाण्याच्या रात्री आम्हीही घरातच थांबलो आणि वाचलो. त्यावर दुसरा म्हणे, की घर कोणाला ओळखत नाही. राहावयाचे त्याने राहिले, जावयाचे ते गेले, आणि रिकाम्या, धडधाकट घराचा उपयोग पुढे फक्त पाहुण्यांना दाखविण्यापुरता झाला. सांगलीत आमच्या गल्लीत अशी पाच घरे आहेत. मुले पुण्यात, बंगळुरूत, परदेशात. दारावर कुलूप, आणि दिवाळीला शेजारी पणती लावतात. निकाल मला देता आला नाही.

चौथ्या दिवशी माउंट विलार्ड चढावयाचा होता. क्रॉफर्ड नॉचच्या माथ्यावर जुने रेल्वे स्थानक आहे, तेथून वाट सुरू होते. जाऊन-येऊन सुमारे पाच किलोमीटर, चढ सुमारे ९०० फूट. वरचा बराच भाग पूर्वीच्या घोडागाडीच्या रस्त्यावरून जातो, त्यामुळे चढ अंगावर येत नाही. नवख्यांना आणि मुलांना सोपी अशी तिची ख्याती. मी रोज सांगलीत सकाळी पाच किलोमीटर चालतो, असे मी आदल्या रात्री दोनदा सांगितले होते. परंतु सांगली सपाट आहे. पहिल्या अर्ध्या-पाऊण तासातच, ओढ्याकाठी सेंटेनिअल पूल नावाचा लहानसा डोह लागतो तेथे, माझ्या डाव्या गुडघ्याने असहकार पुकारला. ओल्या पानांखाली दगड दिसत नाहीत. उतरताना काय होईल, याचा मी हिशेब केला आणि थांबलो. जावई माझ्याबरोबर थांबतो म्हणाले. मी नको म्हटले. या राज्यात निष्काळजीपणे डोंगरात अडकलेल्यांकडून सुटकेचा खर्च वसूल करता येतो, असा कायदा आहे. मी येथून हललो नाही तर बिल येणार नाही, असे सांगून मी सर्वांना वर पाठविले. माझ्या हाती जाड कोट, पाण्याची बाटली आणि शिटी देण्यात आली. मला वाटले होते, सौ. थांबेल. ती थांबली नाही. घरी ती दिवसातून दहा वेळा जिना चढते-उतरते आणि मी एकदा, हे माझ्या कधी लक्षातच आले नव्हते.

जवळजवळ दोन तास मी त्या डोहाकाठी बसून होतो. येणारे-जाणारे विचारपूस करीत. मधल्या शांततेत पाने पडत होती. नातीने गाडीत मला त्यांचे शास्त्र समजावून सांगितले होते. दिवस लहान होऊ लागले की झाड पानातील हरितद्रव्य मोडू लागते. पिवळा रंग पानात पहिल्यापासून असतोच, हिरव्याखाली झाकलेला. तो उघडा पडतो. मेपलचा लाल रंग मात्र पानातील साखरेपासून याच दिवसांत नव्याने तयार होतो. दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री गारठा असला की अधिक गडद. आणि पान सोडण्यापूर्वी झाड त्यातील नत्रासारखी मोलाची द्रव्ये खोडात परत ओढून घेते, मग देठाशी एक पातळ पडदा तयार करून पान मोकळे करते. खाते बंद करण्यापूर्वी शिल्लक काढून घेतात, तसे. बीचची कोवळी झाडे मात्र वाळलेली पाने वसंतापर्यंत धरून ठेवतात. समोरच्या उतारावर बीचची कितीतरी रोपे होती. मी त्यांच्याकडे पाहण्याचे टाळले.

प्रथम नातीचा आवाज आला, मग सर्व जण. वरून संपूर्ण खिंड दिसते, रस्ता दोऱ्यासारखा आणि झाडे गालिच्यासारखी, असे सर्वांनी एकदम सांगितले. सौ. माझ्याजवळ दगडावर बसली, पाणी प्याली आणि म्हणाली, ‘अहो, वरती बोलणं झालं.’

तिने सांगितले ते असे. आपण दोघे आहोत तोवर घर सांगलीलाच. तळमजला भाड्याने द्यायचा. घरात माणसांचा वावर असलेला बरा. पावसाळा लागला की दर वर्षी इकडे लेकीकडे यायचे आणि इथली पाने पडली की परत जायचे. म्हणजे पुराच्या दिवसांत तिच्या जिवाला घोर नाही. फाइल तूर्त कपाटात. ‘आणि आपल्यापैकी एकच उरलं,’ ती म्हणाली, ‘तर उरलेल्याने वाद न घालता हिच्याकडे यायचं. घर, गल्ली, काही मध्ये आणायचं नाही. मी शब्द दिलाय. तुम्ही द्या.’

प्रामाणिकपणे लिहितो : प्रथम मला राग आला. माझ्या आयुष्याचा निर्णय माझ्या गैरहजेरीत, माझ्यापेक्षा पाचशे-सहाशे फूट उंचीवर झाला होता. परंतु रागाला पुरेसा युक्तिवाद सापडेना. संयुक्त खाते उघडताना आम्ही ग्राहकाला विचारीत असू, ‘खाते कसे चालवायचे? दोघांपैकी कोणीही, किंवा हयात असलेला?’ हजारो अर्जांवर मी त्या चौकटीत खूण करून घेतली असेल. नवविवाहित जोडपी लाजत हो म्हणत, वृद्ध जोडपी नुसती मान हलवीत, आणि मी पुढचा अर्ज ओढीत असे. ‘हयात असलेला’ या दोन शब्दांत कोणीतरी एक जण रिकाम्या स्वयंपाकघरात उभा आहे, हे मला त्या दगडावर बसल्यावर दिसले. तो मी असेन किंवा ती असेल. आणि तीन दिवस फोन न लागण्याची भीती तेव्हा दोघांच्या वाटणीची एकट्या लेकीला सोसावी लागेल.

‘दिला,’ मी म्हणालो. मग लेकीकडे वळून, पाच वर्षांपूर्वी नव्हे तर निदान आता, विचारले, ‘ते तीन दिवस तू कसे काढलेस?’

ती लगेच काही बोलली नाही. खाली वाकून तिने माझ्या बुटाची सुटलेली नाडी बांधली. मग उतरताना, माझा हात धरून, सर्व सांगितले. ते येथे लिहिण्याचे नाही.

शेवटचे दोन दिवस कँकमॅगस महामार्गावर गेले. कॉनवे आणि लिंकन या गावांना जोडणारा, सुमारे ५५ किलोमीटरचा हा रस्ता १९५९ मध्ये सलग खुला झाला. संपूर्ण वाटेत पेट्रोल पंप नाही, म्हणून टाकी आधीच भरून घ्यावी. खिंडीचा माथा २,८५५ फुटांवर आहे. कँकमॅगस हा येथील मूळ पेनाकुक लोकांचा अखेरच्या काळातील नेता, पासाकोनवे या शांतताप्रिय नेत्याचा नातू; संघर्षानंतर तो आपल्या माणसांसह उत्तरेला निघून गेला आणि मागे रस्त्याला नाव तेवढे उरले. वाटेत स्विफ्ट नदीवरील १८५८ चा लाकडी छपराचा पूल आहे. आमच्या गाडीपेक्षा त्याचे छप्पर पुष्कळच बुटके, म्हणून गाडी अलीकडे ठेवून पायी ओलांडला.

लिंकनजवळची वाट माझ्या गुडघ्यासाठी मुद्दाम निवडली होती. लाकूड वाहणाऱ्या जुन्या रेल्वेच्या मार्गावरून ती नदीकाठाने अगदी सपाट जाते. रूळ केव्हाच उचलले गेले, पण लाकडी स्लीपर अनेक ठिकाणी अजून पायांखाली लागतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या डोंगरांवरील झाडे लाकडासाठी सरसकट तोडली गेली, मागे राहिलेल्या फांद्यांना आगी लागल्या, नद्यांत राख वाहिली. लोकांनी आवाज उठविला. १९११ मध्ये वीक्स कायदा झाला, त्याखाली सरकारने उजाड जमिनी विकत घेतल्या आणि १९१८ मध्ये येथे राष्ट्रीय वन स्थापन झाले. ज्या रानाला आम्ही पुरातन समजत होतो, त्यातील बहुतेक झाडे त्यानंतर वाढलेली. आगीनंतर प्रथम उगवणाऱ्या झाडांत बर्च अग्रेसर असतो. आपल्या भूर्जवृक्षाच्याच कुळातील हे झाड, पांढऱ्या सालीचे आणि पिवळ्याधमक पानांचे. नातीने त्याचे एक पान माझ्या हिशेबाच्या डायरीत ठेवले. त्या पानावर डिझेल आणि पेट्रोल यांतील फरकाचे गणित होते. ते आता वाचता येत नाही.

ज्यांची मुले तिकडे आहेत अशा वाचकांसाठी थोडे अनुभवाचे बोल. रंगांचा भर या डोंगरांत साधारणपणे सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत असतो. ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारची जोडून येणारी सुट्टी टाळावी, रस्ते तुंबतात. तळावरील जागा कित्येक महिने आधी राखून ठेवाव्यात. पुढे थंडीने नळ गोठू लागतात आणि अनेक तळ बंद होतात. डोंगराच्या वाटेला सकाळी आठपूर्वी पोहोचावे, कारण लांब गाडीला नंतर उभी राहण्यास जागा मिळत नाही. माउंट वॉशिंग्टनच्या शिखरावर जाणाऱ्या मोटाररस्त्यावर कॅम्पर चालत नाही. तेथे रेल्वेने जावे. भांडी आधी कागदाने पुसून मग थोड्या पाण्यात धुवावीत. आणि जेथे गुडघा थांबा म्हणेल तेथे थांबावे. वर काय झाले ते खाली येणारे सांगतातच.

आम्ही नोव्हेंबरमध्ये परतलो. तळमजल्यावर आता एक शिक्षक कुटुंब राहते. भाडेकरारात मी एक जादा कलम घातले आहे : नदीचे पाणी वाढल्यास वरचा मजला भाडेकरूंना विनामोबदला खुला राहील. वकील म्हणाले, असे कलम त्यांनी प्रथमच पाहिले.

गेल्या रविवारी लेकीचा फोन आला. पुढच्या ऑक्टोबरसाठी गाडी आताच राखून ठेवावी काय, असे ती विचारीत होती. मी भाड्याचा दर विचारू लागलो, तोच सौ.ने फोन माझ्या हातातून घेतला.

‘ठेव,’ ती म्हणाली. ‘फक्त सांडपाण्याची टाकी मोठी असलेली बघ.’